रिबाँडिंगनंतर कुरळे केस परत वाढवताना भोवऱ्याजवळ विरळ पट्टा, केस मुळाजवळच तुटतायत

पार्लरवाली_ताई, राजारामपुरी

नमस्कार मंडळी. एका गिऱ्हाइकाबद्दल विचारायचंय. वय 33, मूळचे केस दाट कुरळे. दोनदा रिबाँडिंग (केमिकलनं केस सरळ करणं) झालंय, शेवटचं 14 महिन्यांपूर्वी. त्यानंतर केमिकल काही नाही, रंगही नाही. मुळाकडचे 15-16 सेंमी कुरळे आलेत, खाली पाठीपर्यंत सरळ. भोवऱ्याच्या जरा खाली 5 सेंमी लांब आणि 3 सेंमी रुंद असा आडवा पट्टा विरळ झालाय. तिथले केस आखूड, उभे राहणारे. कंगव्यात बारीक तुकडे येतात. खाज नाही, कोंडा नाही.

रोज बाहेर पडताना ती वरचे कुरळे केस स्ट्रेटनरनं सरळ करते, म्हणजे खालच्याशी जुळतात. मग वर क्लचर. स्कूटरवर स्कार्फ आणि हेल्मेट. कुणी तिला कांद्याचा रस सांगितलाय, कुणी एरंडेल, कुणी प्रोटीन ट्रीटमेंट. मला आधी कारण हवंय. हे कुरळ्या आणि सरळ केसांच्या जोडावरचं तुटणं आहे का? सगळा सरळ भाग कापायला ती तयार नाही.

कात्री_कंगवा

ताई, तुमच्याच आकड्यांवरून बघा. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंमी वाढतो. 14 महिन्यांत 15-16 सेंमी, म्हणजे जोड मुळापासून तेवढ्या अंतरावर आहे. जोडावर तुटले असते तर 15 सेंमीचे केस शिल्लक राहिले असते. तुम्ही म्हणताय आखूड आणि उभे. म्हणजे कधीच केमिकल न लागलेला नवा केस तुटतोय. रिबाँडिंगला दोष देऊन आपण मोकळे झालो तर खरं कारण रोज तसंच चालू राहील.

कुठलंही तेल, क्रीम लावायच्या आधी दोन गोष्टी करा. पट्ट्यातले 20 आखूड केस एकेक करून पांढऱ्या कागदापुढे धरा आणि फुटपट्टीनं मोजा. बहुतेक सगळे एकाच लांबीला, समजा 3 ते 4 सेंमीला, तुटले असतील तर त्या उंचीवर रोज काहीतरी चावतंय किंवा भाजतंय. लांब्या वेगवेगळ्या असतील तर घासणं किंवा ओढून विंचरणं धरा. दुसरं म्हणजे भिंगातून टोकं बघा. सुईसारखं निमुळतं टोक म्हणजे तो तुटलेला नाही, नव्यानं उगवणारा केस. बोथट किंवा केरसुणीसारखं पिंजलेलं टोक म्हणजे तुटलेला. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

कंगव्यातले केसही तपासा. एका टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळासकट गळलेला, दोन्ही टोकं साधी असतील तर तुकडा. आणि क्लचर लावलेला असतानाच मागून फोटो काढा. पट्टा आडवा आहे म्हणालात, क्लचरचे दातही आडव्या ओळीत बसतात.

त्वचाओपीडी

वरचं मोजमाप बरोबर आहे. त्याला डोक्याच्या कातडीची तपासणी जोडा, कारण विरळ पट्टा दरवेळी तुटण्याचाच असतो असं नाही.

उजेडात भांग पाडून बघा, प्रत्येक केसाचं बारीक छिद्र दिसतंय का. छिद्रं दिसत असतील तर मूळ जिवंत आहे. कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि छिद्रं बुजलेली दिसली तर तो व्रण पडणारा प्रकार असू शकतो. तो भोवऱ्यापासून सुरू होऊन गोलाकार पसरतो, कधी जळजळ असते, कधी काहीच जाणवत नाही. बुजलेलं छिद्र परत उघडत नाही, म्हणून इथे महिनाभर घरगुती प्रयोग करत बसणं महाग पडतं. डॉक्टर कातडीचा 4 मिमीचा तुकडा काढून तपासतात, जागा बधिर करून, पाच-दहा मिनिटांचं काम.

चाई असेल तर पट्टा गोल, स्वच्छ, कडेला मुळाशी बारीक आणि वर जाड असे तुटके केस. बुरशी असेल तर पापुद्रे आणि कातडीलगत तुटलेले काळे ठिपके. हे लहान मुलांत जास्त, पण घरात मुलाला असेल तर विचारा. बुरशीला पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमानं ती जात नाही.

ओढून बघायची चाचणीही सोपी आहे. एक दिवस न धुतलेल्या केसांतली 50-60 केसांची बट मुळाशी चिमटीत धरून टोकापर्यंत हलकेच ओढत न्या. सहापेक्षा जास्त केस गाठीसकट हातात आले तर गळती चालू आहे. पट्ट्यात आणि बाजूला, दोन्हीकडे करा. बाजूलाही तसंच असेल तर गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप, बाळंतपण, कडक डाएट झालंय का ते विचारा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईड) तपासून घ्यायला सांगा. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद, नाहीतर थायरॉईडचा आकडा चुकू शकतो. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागातही दाखवता येईल, खाजगीतच जायला हवं असं नाही.

कांद्याच्या रसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. कातडी लाल होऊन सोलवटते आणि मग आधीचं काय आणि रसानं झालेलं काय हे ओळखता येत नाही.

पार्लरवाली_ताई

आज तिला बोलावून सगळं केलं. 20 पैकी 17 केस 3 ते 4.5 सेंमीचे, टोकं पिंजलेली. उरलेल्या 3 केसांची टोकं निमुळती. छिद्रं स्वच्छ दिसतात. ओढल्यावर पट्ट्यात 2 केस आले, बाजूला 3. कंगव्यात जवळपास सगळे तुकडेच. क्लचरचे दात बरोबर पट्ट्यावर बसतात. स्ट्रेटनर 210 वर ठेवते, सकाळी घाईत केस दमट असतानाही फिरवते.

आता नवी पंचाईत. दोन महिन्यांनी घरात लग्न आहे. फक्त मुळाकडच्या कुरळ्या भागाला स्मूदनिंग करून द्या म्हणतेय, म्हणजे रोजचा स्ट्रेटनर सुटेल. करावं का?

कात्री_कंगवा

नका करू. ती कितीही म्हणाली तरी नका करू.

आपल्याकडच्या रिबाँडिंग-स्मूदनिंगच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट (थायो) असतं, पीएच 9 च्या वर. ते केसातले गंधकाचे दुवे तोडतं आणि न्यूट्रलायझर ते परत जोडतो, पण सगळे जोडले जात नाहीत. क्रीम 15 सेंमीवर नेमकं थांबवता येत नाही, ते खाली सरकून दोनदा केमिकल झालेल्या भागावर चढतं. तिथे मग खरंच जोडावर तुटेल, आणि पट्ट्यात नाही तर सगळ्या डोक्यावर. शिवाय पट्ट्यातले 3-4 सेंमीचे केस प्रेसिंगमध्ये धरताच येत नाहीत. आधीचं काम थायोचंच होतं का हेही पक्कं माहीत हवं. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडीनवाला रिलॅक्सर झालेला असेल तर त्यातले दुवे थायो परत सोडवू शकत नाही, त्यावर थायो लावलं की केस भिजलेल्या शेवयांसारखा हातात येतो. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय कुणाच्या डोक्याला हात लावू नये.

तुमचं कारण सापडलंय: दमट केसाला 210 अंश. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात, आणि त्याच उंचीवर क्लचरचे दात दाबतात. कुरळं सरळ करायला प्लेट मुळाशी जास्त वेळ थांबते, म्हणून 3-4 सेंमीलाच तुटतो. स्ट्रेटनर बंद, निदान 12 आठवडे. जमणारच नसेल तर केस खडखडीत कोरडा, 150 च्या आत, एकदाच फिरवायचं, आणि पट्ट्याला अजिबात नाही.

दोन पोत जुळवायचे तर उलट करा, सरळ भाग कुरळा दिसू द्या. रात्री किंचित दमट केसांना कंडिशनर किंवा हलकं जेल लावून 8 ते 10 सैल दोनपदरी पीळ घालायचे, टोकं कापडाच्या पट्टीवर गुंडाळायची. सकाळी पूर्ण वाळल्यावरच सोडायचे. ओलं सोडलं तर सरळ टोकं लोंबतात आणि ती परत स्ट्रेटनरकडे वळेल. दर सहा-आठ आठवड्यांनी सरळ भागातले 2 सेंमी कापा. महिन्याला सेंमीभर वाढ धरली तर लांबी जवळजवळ तेवढीच राहते, ती कुरकुरणार नाही.

औषधशाळा

धुण्याचं मी सांगते. आठवड्यातून एकदा-दोनदा. धुण्याआधी खोबरेल दोन चमचे, केसाच्या लांबीला, अर्धा तास ते रात्रभर. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना निघून जाणारं प्रथिन कमी करतं, म्हणून धुण्याआधी लावायचं. धुतल्यावर वरून थापायचं नाही. एरंडेल घट्ट असतं, लांब केसात एकटं ओतलं तर केसांचा नमदा होऊन गुंता कापावा लागल्याच्या नोंदी आहेत. हवंच असेल तर एक चमचा एरंडेलला चार चमचे खोबरेल.

अंगाचा साबण डोक्याला नको, त्याचा पीएच 9-10 असतो, केसाचे खवले उघडतात. शिकेकाई आम्लधर्मी आहे, पण पूड चोळली तर खरखरते. उकळून फडक्यातून दोनदा गाळा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा गाळलेल्या पाण्याचे.

कंडिशनर लावलेला असतानाच, चार भाग करून, मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर गुंता सोडवायचा. जोडाच्या वर मुठीनं धरून ठेवायचं, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. टॉवेलनं घासायचं नाही, जुन्या सुती ओढणीत दाबायचं. प्रोटीन मास्क तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. ओला केस ताणल्यावर लांबून परत आखडतो का बघा. च्युइंगमसारखा लांबतच गेला तर प्रोटीन कमी पडतंय. ताणच न घेता कटकन तुटला तर प्रोटीन थांबवून फक्त कंडिशनर.

स्कार्फची गाठ पट्ट्यावर येऊ देऊ नका. हेल्मेटखाली सुती कापडाऐवजी जुन्या रेशमी किंवा सॅटिनच्या साडीचा तुकडा, उशीच्या अभ्र्यालाही तोच.

त्वचाओपीडी

मोजमापावरून हे तुटणंच दिसतंय, म्हणून मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) सुरू करू नका. ते मुळावर काम करतं, तुटलेला केस जोडत नाही. सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढते आणि माणूस घाबरतो. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना तर नकोच. सहा ते आठ आठवड्यांत पट्ट्यातले केस 3-4 वरून 5-6 सेंमीपर्यंत गेले नाहीत, किंवा पट्टा पसरला, तर मात्र ताबडतोब दाखवा.

पार्लरवाली_ताई

स्मूदनिंगला नाही सांगितलं, पटलं तिला. लग्नाला अंबाडा आणि भरपूर गजरा हवाय म्हणते. गंगावन लावू का?

कात्री_कंगवा

गंगावनाचं वजन आणि ओला गजरा, दोन्ही मिळून त्या 3-4 सेंमीच्या केसांना सहा तास खाली ओढतील. अंबाडा भोवऱ्यावर नको, मानेलगत घ्या. पट्ट्यातले केस अंबाड्यात ओढू नका, वरच्या लांब केसांची सैल बट त्यावरून आणा, झाकलं जातं. आकार स्टफिंगनं द्या, गंगावनानं नाही. गजरा अंबाड्याच्या स्टफिंगलाच यू-पिननं अडकवा, डोक्यालगतच्या केसांत काळी पिन खोचू नका. उभ्या केसांना कोरफडीचं जेल, टूथब्रशनं, खालच्या दिशेनं. स्प्रे मारायचाच तर हाताच्या तळव्यावर घेऊन वरून फिरवा, आणि त्या रात्री न विंचरता कंडिशनर लावूनच सोडवा.