'प्रिव्हेलंट'ला मराठीत काय लिहायचं?

पंचवटीकर: द्राक्ष बागायतदारांसाठीची माहितीपत्रिका मराठीत करतेय. गोडी छाटणीनंतर (फळांसाठी करतात ती) पाऊस झाला की डाऊनी, म्हणजे वेलीवरचा एक रोग, 'प्रिव्हेलंट' असतो, असं वाक्य आहे. मी 'प्रचलित असतो' लिहिलं. पिंपळगावच्या मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "प्रथा प्रचलित असते गं, रोग कसा असेल?" मग काय लिहू?

गंगापूर रोड: मामांचं बरोबर आहे. रूढी, नाणं, दर प्रचलित असतात, कारण ते लोक चालवतात. रोग कोण चालवतं? मूळ लॅटिन 'व्हॅलेरे', बळ असणे. त्याआधी 'प्रे' लागून इतरांपेक्षा बळ जास्त असणे. 'सगळीकडे आढळणारा' हा अर्थ नंतरचा. मुळाला धरून 'प्रबळ' लिहा.

सिन्नरकर: व्हॅलेरे म्हणजे आपलं 'बल'च की!

देवळाली: ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही हो. आणि 'प्रबळ' नकोच. रोग किती वेलींवर आहे हे प्रिव्हेलंट सांगतो, किती जोराचा आहे ते नाही. शंभर वेलींवर एकेक डाग असला तरी तो प्रिव्हेलंटच. 'सर्रास आढळतो' लिहा.

गंगापूर रोड: हे पटलं, 'प्रबळ' मागे घेतो. पण 'सर्रास' फारसी आहे. 'सार्वत्रिक' असताना उसनवारी कशाला?

देवळाली: 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'सरासरी'ही त्याच घरातली. तीही परत करायची का? माझ्या आजीला फारसीचा गंध नव्हता, पण "हल्ली पोरं सर्रास चहा पितात" हे ती रोज म्हणायची. तिच्या तोंडचा शब्द मी परका मानणार नाही. 'सार्वत्रिक' निवडणुकीला ठेवा.

निफाडकर: बागेत यातलं काहीच कोणी म्हणत नाही. पानावर तेलकट पिवळा डाग दिसतो, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. मग आम्ही म्हणतो, "औंदा सगळीकडं केवडा आलाय." 'आलाय' पुरे. आणि ताई, भुरी या दुसऱ्या रोगाला भुरी लिहिता, मग केवड्याला डाऊनी का?

पंचवटीकर: कारण मामाही डाऊनीच म्हणतात. औषधाच्या दुकानात 'केवडा' कळतो का?

निफाडकर: आमच्याकडं कळतो.

सिन्नरकर: आमच्याकडे बाजरीवरच्या गोसावी रोगालाही केवडा म्हणतात. मग पत्रिकेत कोणता केवडा समजायचा?