मदत हवी आहे: पुण्यात राहून ऑर्केस्ट्राच्या मेंटॉरशिपसाठी अर्ज करायचा आहे, पण रेकॉर्डिंगसाठी वादक आणू कुठून?

मंडळी नमस्कार,

थोडं मोठं लिहिणार आहे. पूर्ण वाचून उत्तर दिलंत तर फार बरं होईल.

मी २८ वर्षांची, राहते कर्वेनगरला, नोकरी हिंजवडीत. नवव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं, ट्रिनिटीच्या आठव्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या आणि गेली पाच वर्षं ऑर्केस्ट्रासाठी लिहिते आहे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, म्हणून आधीच सांगते: मी म्हणतेय तो साठ-सत्तर वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, प्रत्येकासमोर स्टाफ नोटेशनचा कागद असलेला. संगीताची पदवी माझ्याकडे नाही. जे आलं ते क्लासच्या बाईंकडून, पुस्तकांतून आणि आयएमएसएलपी या मोफत नोटेशनच्या साइटवरचे जुने स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेले कागद) उतरवून काढून.

नव्या संगीतकारांसाठी आणि कंडक्टरसाठी मोठे ऑर्केस्ट्रा ज्या मेंटॉरशिप चालवतात, तशी एखादी मला मिळवायची आहे. उदाहरणार्थ, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची पानुफ्निक योजना २००५ पासून चालू आहे. सहा संगीतकार निवडतात, प्रत्येकाने साधारण तीन मिनिटांची रचना लिहायची आणि ती अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवून बघतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन कंपोझर्स ऑर्केस्ट्राने १९९१ पासून अशीच 'रीडिंग' सुरू केली. तीन मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण पंचवीस ओळींच्या स्कोअरची तीन मिनिटं लिहायला मला चार महिने लागतात. आणि ती जेव्हा वाजतात तेव्हा शेजारी कोणी जाणतं माणूस बसलेलं असावं, स्कोअरवर पेन्सिल टेकवून 'हे असं का केलंस?' म्हणून विचारणारं. मला बक्षीस नको, सर्टिफिकेट नको, एवढंच हवं आहे.

आता अडचण. या दोन्ही योजना मुख्यतः त्या त्या देशात राहणाऱ्यांसाठी आहेत. जिथे देशाची अट नव्हती, अशा मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी खऱ्या वादकांचं रेकॉर्डिंग मागितलं होतं, कॉम्प्युटरवरचं नाही. कंडक्टिंगसाठी तर व्हिडिओच लागतो: कॅमेरा वादकांच्या बाजूने, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, मधे कुठे कापाकापी नको. म्हणजे ऑर्केस्ट्रा मिळावा म्हणून अर्ज करायचा आणि अर्जासाठी आधी ऑर्केस्ट्रा हवा. आपल्या जवळचा म्हणजे मुंबईचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. तो एनसीपीएने (नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राने) २००६ साली सुरू केला, आणि त्यातही बरेच वादक परदेशातून येतात. पुण्यात मला व्हायोलिनवाले भरपूर सापडले, चेलो दोन, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं) एक. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न ही फुंकवाद्यं वाजवणारं मला तरी कोणी भेटलेलं नाही.

तरी मार्चमध्ये धाडस केलं. कॅम्पातल्या एका शाळेचा हॉल रविवारी दुपारी दोन तासांसाठी मिळाला. नऊ जण जमवले: पाच तंतुवाद्यं, बासरी (म्हणजे चांदीची, वेस्टर्न फ्लूट), क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि एक मुलगा स्नेअर ड्रमवर. रचना सहा मिनिटांची. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो ना, तो मी लहानपणापासून घराच्या गच्चीवरून ऐकत आले आहे. लांबून ढोल उशिरा आणि बोथट पोचतो, ताशाची तर्री (काड्यांचा सलग कडकडाट) मात्र चिरत येते. तो अंतराचा आवाज मला लिहायचा होता. म्हणून तर्री व्हायोलाकडे दिली आणि टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) ठोका डबल बासच्या पिझिकाटोकडे, म्हणजे बोटाने तार छेडून.

पहिल्या चार बारमध्येच (बार म्हणजे नोटेशनमधला ठरावीक मात्रांचा एक गट) कान बंद करावेसे वाटले. क्लॅरिनेटचा पार्ट (त्या वादकासमोरचा कागद) मी कॉन्सर्ट पिचमध्येच, म्हणजे ऐकू येणाऱ्या स्वरांतच, छापला होता. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतो हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलं आहे, पण छापताना एक खूण करायची राहिली. वीस मिनिटं त्यात गेली. मग व्हायोलाच्या काकांनी मला जवळ बोलावलं आणि कागदावर बोट ठेवलं: 'इथे पिझिकाटो आहे आणि लगेच पुढच्या सुराला बो (गज). मी बो हातात कधी घेऊ?' त्या दोन सुरांमध्ये मी त्यांना अर्धी मात्रासुद्धा ठेवली नव्हती. फ्लूटची एक खालच्या सप्तकातली ओळ मला फार आवडायची. म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती छान ऐकू यायची, हॉलमध्ये ट्रम्पेटने तोंडाला लावल्याबरोबर ती नाहीशी झाली. कॉम्प्युटरने मला पाच वर्षं हे सांगितलं नव्हतं.

दुसरं कोणी नव्हतं म्हणून समोर मीच उभी होते. पहिला तासभर मी नुसते ठोके मोजत होते आणि वादक माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघत होते. एकेचाळिसाव्या बारला सगळे एकदम येतात तिथे तीनदा फिसकटलं. चौथ्या वेळी मी हात वर नेताना त्यांच्यासोबत श्वास घेतला, आणि नऊच्या नऊ जण एका क्षणी आले. तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून लिहिणं आणि कंडक्टिंग यातलं एक निवडायला मन तयार होत नाही.

त्या दुपारचं रेकॉर्डिंग मोबाईलवरचं आहे. हॉलचा पंखा आणि बाहेरच्या रिक्षा संगीताइतक्याच स्पष्ट ऐकू येतात. ते कुठे पाठवण्यासारखं नाही.

नंतर निराश होऊन मी एका ऑनलाइन मेंटॉरशिपला अठरा हजार रुपये भरले. नाव लिहीत नाही. तीन महिन्यांत दोन ईमेल आले आणि त्यात माझ्या रचनेतल्या एकाही बारचा उल्लेख नव्हता. आता युरोपात पैसे भरून ऑर्केस्ट्राकडून रेकॉर्डिंग करून देणाऱ्या वर्कशॉपच्या जाहिराती येतात. त्यात 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रासमोर उभे राहणारे, आणि 'ऑडिटर' म्हणजे मागे बसून बघणारे, असे दोन दर असतात. खऱ्याखोट्याची पारख कशी करायची ते मला कळत नाही. बाबा म्हणतात लग्नाचे ठेवलेले पैसे वापर. ते इतक्या सहज म्हणाले की मला रात्रभर झोप आली नाही. ते पैसे चुकीच्या जागी घालवायचे नाहीत.

तर जाणकारांना विचारायचं आहे: पुण्यात राहणाऱ्या, पदवी नसलेल्या व्यक्तीला ज्या ठिकाणी खरोखर दार उघडं आहे अशी ठिकाणं कोणती? तोक्योची ताकेमित्सू स्पर्धा ३५ वर्षांपर्यंतच्या कोणत्याही देशाच्या संगीतकाराला खुली आहे आणि दर वर्षी एकच संगीतकार परीक्षक असतो, हे मला ठाऊक आहे. पण तिथे किमान दहा मिनिटांची रचना लागते. माझी सहाची ताणून दहाची करू, की नवी लिहू? अमेरिकन कंडक्टर मरिन ऑल्सप यांनी २००२ साली खास स्त्री कंडक्टरांसाठी फेलोशिप सुरू केली, तिथे नऊ वादकांचा व्हिडिओ हसण्यावारी नेतील का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुण्यात बरं रेकॉर्डिंग व्हावं इतके वादक जमवायचे कसे?

व्हायोलावाली (मुंबई)

ताई, आधी एक: सहाची दहा करू नकोस. ताणलेली रचना परीक्षकाला दुसऱ्या पानावर कळते. ती सहाचीच राहू दे, तीन-चार मिनिटं मागणाऱ्या 'रीडिंग'साठी त्यातला सलग तुकडा काढ.

पैसे भरून करायच्या वर्कशॉपबद्दल: माझ्या ओळखीचे दोघं जाऊन आले, एकाला फायदा झाला, एकाला नाही. फरक एवढाच होता की फायदा झालेल्याने आधी लेखी विचारलं होतं: माझ्या वाट्याला ऑर्केस्ट्रासमोर किती मिनिटं? वादक किती? रेकॉर्डिंग माझ्या मालकीचं का? शिकवणारा स्कोअर आधी वाचतो का? जिथून नीट उत्तर येत नाही तिथे एक रुपया भरू नकोस.

आणि एक निवडायची घाई कशाला? झुबिन मेहतांनी १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, तेव्हा बक्षीस म्हणून तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभराचं असिस्टंट कंडक्टरचं काम मिळालं. आजही कंडक्टरांच्या डोनाटेला फ्लिक स्पर्धेच्या विजेत्याला लंडन सिम्फनीत असिस्टंट म्हणून काम करता येतं. म्हणजे कंडक्टरची मेंटॉरशिप बहुतेकदा रोजच्या रिहर्सलला हजर राहून होते, आणि त्या हजेरीत संगीतकाराचंही शिक्षण होतं. त्याच १९५८ मध्ये हिंदी सिनेमातले व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईत सिनेमातले वादक एकत्र आणून इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. परदेशी योजनेची वाट बघत बसले नाहीत. तू मार्चमध्ये केलंस ते त्याच जातीचं काम आहे, म्हणून ते फुकट गेलं असं समजू नकोस.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सीझन असेल तेव्हा मुंबईला ये. स्कोअर मांडीवर घेऊन बस. परतीची शेवटची गाडी चुकली तर माझ्याकडे राहा.

खडकीकर

बाळ, मी फौजी बँडमध्ये २२ वर्षं क्लॅरिनेट वाजवला. पचमढीला फौजेच्या संगीत शाळेत शिकलो, आता खडकीत स्थायिक आहे. तुझ्या क्लॅरिनेटच्या पार्टचं वाचून लिहायला बसलो.

तू तंतुवाद्यं शोधत बसली आहेस, पण पुण्यात फुंकून वाजवणारे कमी नाहीत. मिलिटरी बँडमधून निवृत्त झालेले कितीतरी जण खडकी, वानवडी, घोरपडी भागात राहतात. सगळे नोटेशन वाचणारे, कंडक्टरच्या हाताकडे बघायची सवय असलेले. फ्रेंच हॉर्न तुला भेटला नाही म्हणतेस, माझ्या ओळखीचे दोघं आहेत. एकाचा हॉर्न पाच वर्षं पेटीत आहे, पण ओठ बसायला महिना पुरेल.

माझं ऐकशील तर आहे त्या रचनेचं बारा-चौदा फुंकवाद्यांसाठी नवं रूप लिही. ढोल-ताशा हे उघड्यावरचं वाजवणं आहे, बँडही उघड्यावरचाच. तो लांबून येणारा आवाज व्हायोलापेक्षा म्यूट (कर्ण्यात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) लावलेल्या ट्रम्पेटवर बघ. पैशाचं म्हणशील तर प्रवासखर्च आणि चहा-नाश्ता दे, बाकीचं मी बघतो. मात्र पार्ट नीट हवेत: बारचे आकडे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, पान उलटायची जागा विश्रांतीत, मोठ्या विश्रांतीनंतर आधीच्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात. म्हाताऱ्यांचे डोळे आहेत, छपाई मोठी ठेव. चुकीचा पार्ट समोर आला की जुना वादक बोलत नाही, मनातून उतरतो. तुझ्या क्लॅरिनेटवाल्याने जागेवर स्वर बदलून वाजवला असेल तर त्याला धरून ठेव.

धागाकर्ती

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. मला मधेच थांबावं लागलं.

हो, त्यांनी जागेवरच बदलून वाजवला होता, एक शब्द न बोलता. मी त्यांना पुन्हा फोनही केला नव्हता. काल केला. ते म्हणाले, कागद सुधारून आण, मी येतो.

फुंकवाद्यांसाठी लिहायला घेतलं आहे. काल रात्री पहिले सोळा बार झाले. तर्री दोन ट्रम्पेटमध्ये आळीपाळीने वाटली आहे, म्हणजे दोघांनाही श्वास घ्यायला जागा मिळेल. पण स्ट्रेट म्यूट ठेवू की कप, हे ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. हॉर्न एफचा असल्यामुळे लिहिलेल्या सुरापेक्षा पंचमाने खाली वाजणार, ते या वेळी दोनदा तपासलं आणि पार्ट मोठ्या अक्षरात छापला.

व्हायोलावाली ताई, ते चारही प्रश्न जसेच्या तसे एका वर्कशॉपला पाठवले आहेत. उत्तर आलं की इथेच लिहीन. सीझनची तिकिटं विक्रीला आली की तुम्हाला मेसेज करते.

काका, रविवारी सकाळी खडकीला आले तर चालेल का? हॉर्नचे आणि क्लॅरिनेटचे पार्ट घेऊन येते. ज्यांचा हॉर्न पेटीत आहे त्यांनाही बोलवाल का? त्यांना कुठल्या सुरापर्यंत वर जाणं सोयीचं आहे ते आधी विचारून मगच पुढचं लिहायचं आहे.