मदत हवी आहे: ठरवून बसलं की विनोद सुचतच नाही

सोसायटीच्या गणपतीत ५ मिनिटं स्टँडअप करायचंय, १२ दिवस उरलेत आणि हातात चालणारा जोक एकच: आमच्या लिफ्टचं सरकारी नोकरीसारखं आहे, एकदा आत गेला की माणूस बाहेर पडत नाही. हा कुकरच्या शिट्ट्या मोजताना आपोआप सुचला. पण ठरवून 'पाण्याचा टँकर' हा विषय घेऊन बसलो तर दोन तासात निबंध तयार, हसू शून्य.

थोडं वाचलंय. लेखक आर्थर कोस्लरने १९६४ मध्ये मांडलेलं बायसोसिएशन, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन चौकटी एकाच गोष्टीवर येऊन आदळतात, ते पटतं, लिफ्टच्या जोकमध्ये 'आत जाणं' हाच त्या दोन चौकटींचा सांधा. म्हणून टँकरचे २० शब्द एकीकडे, लग्नाचे २० दुसरीकडे लिहून जोड्या लावल्या, तर 'टँकर वरातीसारखा उशिरा येतो' एवढंच निघालं. बायको म्हणाली, "बरं, मग?" मानसशास्त्रज्ञ जेरी सल्सचं विनोद कसा कळतो याचं १९७२ चं मॉडेलही पाहिलं, आधी अपेक्षाभंग मग उलगडा, पण ते ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं झालं, लिहिणाऱ्याचं काय?

समोर आजी-आजोबा आणि पोरं असणार, त्यामुळे नवरा-बायको, जात, कोणाची नक्कल यातलं काही नको. एआय वापरून झालं, व्हॉट्सॲपवरचेच जोक देतं.

जे नेहमी लिहितात त्यांनी सांगा, तुम्ही आधी असा दोन्हीकडे चालणारा शब्द पकडून मग विषय शोधता, की विषय धरून तो शब्द सापडेपर्यंत खणत बसता? आणि पहिल्या चार-पाच जोड्या मिळमिळीत निघाल्या तर विषय कधी सोडता?