चार्टमधे ‘स्क्रीनिंग’ लिहिलंच नसेल तर कोडरनं समजून घ्यायचं का?

शाहूपुरी_कोडर
टीममधे यावरनं जोरात वाद झालाय म्हणून इथं टाकतोय. आम्ही कोल्हापुरात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट (पेशंटच्या नोंदी) वाचून बिलासाठी कोड लावतो. एक चार्ट आला (वय बिय बदलून सांगतोय, हिपावाले, म्हणजे तिकडच्या पेशंट-गुप्ततेच्या कायद्यावाले, मागं नकोत), बाई ५२ वर्षांची, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) झाली, पॉलिप (आतड्यातली गाठ) सापडला, स्नेअरनं (तारेच्या फासानं) काढला. रिपोर्टात पोट किती साफ होतं, स्कोप कुठवर गेला, पॉलिप किती मिलिमीटरचा, सगळं आहे, फक्त ‘इंडिकेशन’पुढं, म्हणजे तपासणी कशासाठी केली त्यापुढं, कोरं. प्रोसिजरचा कोड ४५३८५, त्यात वाद नाही. भांडण पहिल्या डायग्नोसिसवर आहे. बाई स्क्रीनिंगला (त्रास नसताना नुसत्या तपासणीला) आली असेल तर झेड१२.११ हा स्क्रीनिंगचा कोड पहिला, पॉलिप दुसरा आणि खासगी इन्शुरन्सला मॉडिफायर ३३ (ही प्रतिबंधक तपासणी होती असं सांगणारी कोडची जोडखूण) लावला की तिच्या खिशातनं काही जात नाही. नुसता पॉलिप टाकला तर डिडक्टिबल (आधी पेशंटनं स्वतः भरायची रक्कम) बसतंय. आमचा टीम लीड म्हणतो तक्रार काही दिसत नाही, स्क्रीनिंगच असणार, लाव आणि पुढं चल. माझं मत, नाही. डॉक्टरनं लिहिलं नाही ते आपण ठरवायचं नाही, क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरलाच लेखी विचारायचं.

नाईटशिफ्ट_भावा
भावा, हे क्लासमधे बोलायला बरं आहे. क्वेरी टाकली की चार्ट होल्डला, तिकडचा डॉक्टर आठवडाभर बघत न्हाई, हिकडं माझं प्रॉडक्शन बोंबलतंय आणि शेवटी मेल येतोय की आहे त्यावर कोड करा. म्हणजे बाईला बिल गेलंच की. ४५ ते ७५ वयाच्या सगळ्यांना ही तपासणी करा असं तिकडच्या यूएसपीएसटीएफनं (कुठल्या प्रतिबंधक तपासण्या करायच्या ते सांगणारी समिती) २०२१ लाच सांगितलंय, आणि त्यांनी ए नाहीतर बी ग्रेड दिली की पेशंटकडनं पैसं घ्यायचं न्हाईत हा २०१० च्या कायद्यातला नियम आहे. ५२ ची बाई, न दुखणं न रक्त, मग कोलोनोस्कोपीला काय हवा खायला गेलती?

ऑडिटवाली
इंडिकेशन कोरं म्हणजे चार्ट कोरा नव्हे. दोघांपैकी कुणी आधीची एचअँडपी (हिस्टरी आणि शारीरिक तपासणीची नोंद) उघडली का? पाठवणाऱ्या डॉक्टरची ऑर्डर? तिथं सहीनिशी ‘अ‍ॅव्हरेज रिस्क, स्क्रीनिंग’ सापडलं तर क्वेरीची गरजच नाही, बिनधास्त झेड१२.११ लावा. पण माझ्याकडं उलटे चार्टही येतात, वर टेम्प्लेटमधनं ‘स्क्रीनिंग’ आलेलं आणि खाली हिस्टरीत ‘दोन महिने अधूनमधून शौचातून रक्त’. आता सांगा, तक्रारीसाठी केलेली कोलोनोस्कोपी स्क्रीनिंग कशी? अशा वेळी तर क्वेरी टाकायलाच पाहिजे. आणि क्वेरीत ‘हे स्क्रीनिंग होतं ना, तसं लिहा’ असं विचारायचं नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं. तपासणी कशासाठी केली ते नोंदवा, एवढंच. वयावरनं अंदाज लावून तुम्ही आज तिचे पैसे वाचवाल, उद्या इन्शुरन्सनं रेकॉर्ड मागवलं की दवाखान्याला परत करावे लागतील.

राजारामपुरीतला_डॉक्टर
वाचून गंमत वाटली. पेशंट बरा झाला का हे कुणीच विचारत नाही, रकान्यात काय लिहिलं त्यावर रात्र रात्र भांडण. आमच्या केसपेपरवर बीपी, शुगर, औषध, पुढच्या वेळी कधी यायचं, झालं. पेशंटकडं बघू का टाइप करत बसू? आणि ऐकलंय की तिकडं वार्षिक तपासणीला आलेला माणूस जाता जाता ‘गुडघा दुखतोय’ म्हणाला तर त्याला दुसरं बिल लागतं. ही कसली प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन?

शाहूपुरी_कोडर
डॉक्टर, नुसतं म्हणाला म्हणून नाही लागत. जुना पेशंट, ४० ते ६४ वय, वार्षिक तपासणी म्हणजे ९९३९६. गुडघा वेगळा तपासला, एक्स-रे सांगितला, औषध दिलं, आणि ते सगळं नोटेत वेगळं दिसतंय, तरच वर ९९२१३ (तक्रारीसाठीच्या भेटीचा कोड) आणि त्याला मॉडिफायर २५ (त्याच दिवशी वेगळं काम झालं ही खूण). ‘गुडघा अधूनमधून दुखतो’ एवढ्या ओळीवर दुसरं बिल लावलं तर ते पेशंटला लुबाडणंच आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं. पण ते पकडता येतं कशामुळं? नोटेमुळंच. आणि हे अमेरिकेपुरतं आहे असं समजू नका. आपल्या मेडिक्लेममधे एक्सक्लुजन (कशाला पैसे मिळत नाहीत त्या यादीतला) कोड ०४ वाचा, नुसत्या तपासण्यांसाठी अ‍ॅडमिट झालं तर क्लेम नाही. तिकडं ‘तपासणी’ लिहिलं की फुकट, हिकडं लिहिलं की नामंजूर.

मिरजकर_तिकटी
हेच झालं आमच्यात. आईला छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, मध्यरात्री रिक्षानं नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं, ईसीजी, इको, रक्त सगळं झालं, हृदयाचं नाही निघालं, देवाची कृपा. डिस्चार्ज कार्डवर डॉक्टरांनी लिहिलं ‘अ‍ॅडमिटेड फॉर इव्हॅल्युएशन’. झालं, क्लेम परत. छातीत दुखत होतं हा शब्द कार्डावर कुठंच नव्हता, कॅज्युअल्टीच्या पेपरवर होता. तो पेपर शोधून जोडेपर्यंत आमचा घाम निघाला. डॉक्टरसाहेब, एक ओळ लिहायला किती वेळ लागला असता ओ?

राजारामपुरीतला_डॉक्टर
ताई, तुमच्या केसमधे ती ओळ यायलाच हवी होती, मान्य. पण दुसरी बाजू ऐका. माझ्याकडं धडधाकट लोक येतात, ‘फुल बॉडी करायचंय, एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा, छातीत दुखतंय लिहा, क्लेम बसतोय’. लिहिण्यावरच पैसे मिळायला लागले की लोक लिहून मागायला लागतात. मी नाही म्हणतो, तर शेजारच्या गल्लीत जातात. तुमच्या कोडिंगनं हे थांबतं की वाढतं?

नाईटशिफ्ट_भावा
वाढतंय! तिकडं पण टेम्प्लेट तसंच भरतात, आम्ही बघतोय की रोज. म्हणून म्हणालो, डोकं वापरा, नुसत्या रकान्यावर जाऊ नका.

ऑडिटवाली
डोकं वापरा म्हणजे रेकॉर्ड वाचा, अंदाज नव्हे. डॉक्टर, खोटं लिहिणाऱ्याला कोडर थांबवू शकत नाही, पण छातीत दुखणं लिहिलंय आणि ईसीजीच नाही, हे ऑडिटला दिसतंच. शाहूपुरी, एचअँडपीत काय निघालं ते सांगा आधी. आणि त्या बाईची स्टूल टेस्ट (शौचाची तपासणी) पॉझिटिव्ह आली होती का तेही बघा, कारण ३१ मे २०२२ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या प्लॅन-वर्षांना (विम्याच्या वर्षांना) त्यानंतरची कोलोनोस्कोपीही स्क्रीनिंगमधेच धरून फुकट द्यायला सांगितलंय.

शाहूपुरी_कोडर
एचअँडपी स्कॅन कॉपी आहे, अर्धी वाचता येत नाही. लॅबचा फोल्डर उघडलाच नव्हता, आज शिफ्टला बघतो. तोवर चार्ट होल्डलाच, लीडला काय म्हणायचं ते म्हणू दे.