मदत हवी आहे: दुर्बिणीतून गुरू नुसता पांढरा गोळा दिसतो, शनिवारच्या आत उपाय हवा

निशाचर_सांगली
नमस्कार. माझ्याकडे आरशाची दुर्बीण आहे आणि तिच्यातून गुरू पाहिला असता कडा पुसट झालेला, थरथरणारा पांढरा गोळा दिसतो. पट्टे तर नाहीतच, पण उपग्रहही स्पष्ट ठिपक्यांसारखे न दिसता लांबट दिसतात. फोकसची चकती दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून झाली आहे. 17 जानेवारी 2026 ला, म्हणजे येत्या शनिवारी, आमच्या गल्लीतील शाळकरी मुले गुरू पाहण्यासाठी येणार आहेत आणि त्यांना मी शब्द दिला आहे. मला नवीन दुर्बीण घ्यायची नाही, त्यामुळे तसा सल्ला कृपया देऊ नये. आहे त्याच साधनात काय दुरुस्त करावे लागेल, एवढेच सांगावे.

रोहिणीशकट
आपण दिलेल्या माहितीवरून काहीही सांगता येणार नाही. मुख्य आरशाचा व्यास किती, नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचे अंतर) किती, कोणता आयपीस (डोळा लावायचे भिंग) लावला होता, दुर्बीण घरातून बाहेर आणल्यावर किती वेळाने पाहिले, गुरू तेव्हा आकाशात किती उंचीवर होता आणि आपण गच्चीवर होता की अंगणात, हे सगळे लिहावे.

जुना_निरीक्षक
माझे मत स्पष्ट आहे. विषुववृत्तीय माउंटवरच्या (पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या बैठकीवरच्या) लहान दुर्बिणी नवशिक्यांना विकल्या जातात हेच मुळात चुकीचे आहे. त्या बारीक पायांच्या तिपाईवर नळी हलत राहते आणि माणसाला वाटते की आरसा खराब आहे. 8 इंची डॉब्सोनियन घ्यावी. ती जमिनीवर भक्कम बसते, हाताने ढकलली की वळते आणि पुढची 20 वर्षे दुसरे काही घ्यावे लागत नाही.

निशाचर_सांगली
काका, नवीन दुर्बीण घ्यायची नाही हे मी वर लिहिलेले आहे.
रोहिणीशकट यांच्या प्रश्नांची उत्तरे: व्यास 127 मिमी, नाभीय अंतर 1000 मिमी. सोबत 20 मिमी आणि 4 मिमीचे आयपीस आणि 3 पट बार्लो (वर्धन वाढवणारे जोडभिंग) मिळाला होता. मी 4 मिमीला बार्लो जोडून पाहत होतो, कारण खोक्यावर मोठ्या वर्धनाचा आकडा छापलेला आहे. वेळ संध्याकाळी सातची, जागा गच्ची.

रोहिणीशकट
आपल्या अडचणीचा मोठा भाग याच उत्तरात आहे. 1000 ला 4 ने भागले की 250 पट वर्धन मिळते आणि 3 पट बार्लो जोडल्यावर ते 750 पट होते. आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याच्या दुप्पट, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे 250 पट, ही उत्तम हवामानातील कमाल मर्यादा मानावी. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवीन तपशील येत नाही, शिवाय प्रकाश पातळ होतो. 750 पटीवर आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशशलाका जेमतेम 0.17 मिमी जाडीची असते आणि एवढ्या बारीक शलाकेत आपल्याच डोळ्यातील तरंगणारे धागे गुरूवर फिरताना दिसू लागतात.

20 मिमीचा आयपीस एकटा लावून पाहावा. गुरू 10 जानेवारीलाच प्रतियुतीत (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) येऊन गेला आहे आणि त्याचे बिंब सध्या साधारण 46 विकलांचे (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आहे, त्यामुळे 50 पटीवरसुद्धा ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडे मोठेच दिसते. दोन मुख्य पट्टे दिसायला तेवढे वर्धन पुरते. पुढे जमल्यास 10 मिमीचा साधा प्लॉसल प्रकारचा आयपीस घ्यावा, म्हणजे 100 पट मिळेल आणि आपली बहुतेक निरीक्षणे त्याच्यावरच होतील.

संध्याकाळी सातला गुरू कुठे होता, हे मात्र आपण लिहिलेले नाही.

निशाचर_सांगली
पूर्वेला, शेजारच्या घराच्या पत्र्याच्या वर. पण 20 मिमीने पाहिले तरी कडा पुसटच दिसते, हे मी लिहायला हवे होते असे आता वाटते. म्हणजे प्रश्न केवळ वर्धनाचा नाही.

तेजोमेघ
दिवसभर तापलेल्या पत्र्यावरून हवा उकळल्यासारखी वर चढत असते आणि आपण नेमके तिच्यातून पाहत आहात. सातला गुरू क्षितिजापासून फार वर आलेला नसतो, म्हणजे वातावरणाचा जाड थरही मध्ये येतो. साडेआठनंतर पाहावे, दहापर्यंत थांबता आले तर आणखी चांगले. सिमेंटची गच्चीही रात्री बराच वेळ उष्णता सोडत राहते, त्यामुळे अंगणात माती किंवा गवत असेल तर दुर्बीण तिथे मांडावी. आरसाही थंड व्हायला हवा. नळी निदान तासभर आधी बाहेर काढून, तोंड थोडे खाली करून ठेवावी.

जर्सीकर
आमच्याकडे न्यू जर्सीत या दिवसांत तापमान शून्याच्या खाली असते, त्यामुळे मी दुर्बीण गॅरेजमध्येच ठेवतो आणि ती कायम बाहेरच्या तापमानाला असते. माउंटचा अक्षांशाचा काटा 40 वर ठेवून ध्रुवाकडे तोंड केले की गुरू तासन्‌तास एकाच गुंडीने पकडून ठेवता येतो.

रोहिणीशकट
जर्सीकर, 40 हा आपल्या गावाचा अक्षांश झाला. सांगलीत तो काटा 17 वर हवा, कारण तिथे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटच्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. तसे झाल्यास दोन पायांमधील मोकळी जागा उत्तरेकडे येईल अशी तिपाई वळवावी.

लेझर_भाऊ
सगळे हवेबद्दल बोलत आहेत, पण 20 मिमीवरही कडा पुसट असेल तर आरसे एका रेषेत नाहीत, हे उघड आहे. लेझर कोलिमेटर (आरसे एका रेषेत आणायचे साधन) मागवावा. फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळीत) बसवायचा, लाल ठिपका मुख्य आरशाच्या मध्यावर आणायचा आणि मागचे स्क्रू फिरवून परतीचा किरण तो कोलिमेटरच्या ज्या छिद्रातून निघाला त्याच छिद्रात आणायचा, एवढेच काम आहे. मी प्रत्येक सत्राआधी हे करतो आणि मला कधी अडचण आलेली नाही.

तेजोमेघ
एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही. निशाचर, आपल्या दुर्बिणीच्या नळीची लांबी किती आहे?

निशाचर_सांगली
साधारण अर्धा मीटर. त्याने काय फरक पडतो?

तेजोमेघ
फार मोठा फरक पडतो. साध्या न्यूटोनियन दुर्बिणीची नळी जवळपास नाभीय अंतराएवढी लांब असते. 1000 मिमीची दुर्बीण अर्ध्या मीटरच्या नळीत बसते, याचा अर्थ ती बर्ड-जोन्स रचनेची आहे. तिच्यात मुख्य आरसा गोलीय आणि कमी नाभीय अंतराचा असतो, आणि फोकसरच्या नळीच्या आतल्या टोकाला एक भिंग बसवलेले असते, जे नाभीय अंतर वाढवते आणि गोलीय आरशाचा दोषही काही प्रमाणात सुधारते. लेझरचा किरण जाताना आणि परतताना त्याच भिंगातून जातो आणि पसरतो. म्हणून लेझर_भाऊंची पद्धत त्यांच्या दुर्बिणीला योग्य असली, तरी या दुर्बिणीला तशीच्या तशी लागू होत नाही.

लेझर_भाऊ
ते भिंग काढता येते. फोकसर उघडून भिंग काढावे, लेझरने जुळवावे आणि भिंग पुन्हा बसवावे.

तेजोमेघ
काढता येते हे मान्य आहे, पण शनिवार तोंडावर असताना ज्याने फोकसर कधी उघडलेला नाही त्याला ते करायला सांगणे मला पटत नाही. ताऱ्यावरून जुळवणी करावी, तिला काहीही विकत आणावे लागत नाही.

दुर्बीण थंड झाल्यावर रोहिणी तारा 20 मिमीच्या आयपीसच्या बरोबर मध्यावर आणावा. फोकस थोडा बिघडवला की प्रकाशाची चकती दिसते आणि तिच्यात दुय्यम आरशाची (नळीच्या तोंडाजवळच्या लहान आरशाची) काळी सावली दिसते. सावली मध्यावर असेल तर आरसे जुळलेले आहेत, एका बाजूला सरकलेली असेल तर नाहीत. मुख्य आरशाच्या मागे स्क्रूंच्या तीन जोड्या असतात, प्रत्येक जोडीत एक जुळवणीचा आणि एक घट्ट धरून ठेवणारा. धरून ठेवणारे किंचित सैल करावेत, जुळवणीचा एक स्क्रू आठवा हिस्सा फेरा फिरवावा, तारा पुन्हा मध्यावर आणावा आणि सावली कुठे सरकली ते पाहावे. ती मध्यापासून दूर गेली असेल तर तोच स्क्रू उलट फिरवावा. शक्य असल्यास एकाने आयपीसजवळ आणि दुसऱ्याने मागे स्क्रूजवळ राहावे. दुय्यम आरशाच्या मधल्या स्क्रूला हात लावू नये, तो सैल झाला तर आरसा फिरतो आणि मग काम फार वाढते. 20 मिमीवर जुळल्यावर 4 मिमी लावून, बार्लोशिवाय, पुन्हा एकदा तपासावे.

कोकणातला_हवालदिल
आरशांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. रत्नागिरीत पावसाळ्यात माझ्या आयपीसवर बुरशीचे धागे आले होते. सगळे आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत आणि जेलचा रंग बदलला की ती तापवून वाळवावी. मुख्य आरसा कापडाने पुसू नये, त्याचा ॲल्युमिनियमचा लेप फार नाजूक असतो. धुवायचाच झाला तर शेवटची धार डिस्टिल्ड पाण्याची द्यावी आणि आरसा उभा ठेवून वाळवावा.

छायाचित्रवाला
मोबाइल आयपीसवर धरून छायाचित्र काढण्यापेक्षा चलचित्र घ्यावे आणि त्यातील स्पष्ट चौकटी संगणकावर एकत्र कराव्यात. गुरूचे पट्टे त्यात उत्तम येतात. मोबाइलसाठी पकड मिळते, ती आधी घ्यावी.

निशाचर_सांगली
छायाचित्र मला सध्या नको आहे, मुलांना डोळ्यांनी दाखवायचे आहे.

पुणेरी_पंचांग
मुलांना चंद्र दाखवावा, हा माझा आग्रह आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला चंद्रावरील विवरांइतके काहीच आवडत नाही. दुर्बीण पुण्याला आणणे शक्य असेल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेतील जाणकारांना दाखवावी. ही संस्था 1944 पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते आहे.

रोहिणीशकट
18 तारखेला अमावास्या आहे, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी चंद्र नसेल. शनी पश्चिमेला असेल, पण त्याची वलये सध्या जवळजवळ कडेने दिसतात, तेव्हा मुलांच्या मनात पुस्तकातले चित्र असेल तर त्यांना आधी तसे सांगावे. अंधाराचा उपयोग करून गुरूनंतर मृग नक्षत्रातील तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग) आणि कृत्तिका हा तारकापुंज दाखवावा. दोन्हींना 20 मिमीच योग्य आहे.

मुलांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आयपीसचे दृश्यक्षेत्र 50 अंशांचे धरले तर 250 पटीवर गुरू मध्यापासून अर्ध्या मिनिटात बाहेर जातो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला स्टुलावर चढून डोळा नीट लावायलाच तेवढा वेळ लागतो. 50 पटीवर दोन मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. मुलांना नळी धरू देऊ नये, आधाराला शेजारी खुर्चीची पाठ ठेवावी.

जुना_निरीक्षक
रोहिणीशकट यांनी दिलेल्या खुर्चीच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. तिपाईचे पायही पूर्ण लांब करू नयेत, आखूड ठेवले की कंप बराच कमी होतो. मधल्या थाळीला जाड दोरीने पाण्याचा भरलेला कॅन टांगावा, मात्र तो जमिनीला किंचित टेकलेला असावा, नाहीतर तोच झोके घेतो.

तेजोमेघ
मुले येणार आहेत म्हणून विचारतो: डब्यात आयपीसला लावायची लहानशी काळी काच आहे का, जिच्यावर सूर्याचा उल्लेख असतो?

निशाचर_सांगली
हो, आहे. वापरलेली नाही.

तेजोमेघ
ती आजच फोडून कचऱ्यात टाकावी. आयपीसजवळ सूर्याची सगळी उष्णता एकवटलेली असते, तिथे ती काच तडकते आणि पाहणाऱ्याचा डोळा क्षणात जातो. सूर्य पाहायचा तर नळीच्या तोंडावर, संपूर्ण व्यास झाकणारी खात्रीची सौर गाळणीच लागते.

निशाचर_सांगली
काच फोडून टाकली. काल रात्री दुर्बीण अंगणात मांडली, तासभर थंड होऊ दिली आणि भावाला मागे स्क्रूंपाशी उभे केले. सावली चकतीच्या कडेपर्यंत सरकलेली होती. एक स्क्रू उलटा फिरवावा लागला, बाकी तेजोमेघ यांनी लिहिले तसेच झाले. साडेनऊला 20 मिमीने गुरूवर दोन तपकिरी पट्टे दिसले आणि उपग्रह आता ठिपक्यांसारखे दिसतात. 4 मिमीने मात्र प्रतिमा अजून मऊ आहे आणि डोळा अगदी काचेला टेकवावा लागतो. जुळवणी बिघडू नये म्हणून शनिवारपर्यंत दुर्बीण अंगणातच मांडलेली ठेवली तर चालेल का?

तेजोमेघ
चालणार नाही. झाकण नसताना दिवसा ऊन सरळ आत शिरले तर आरसा ते एकवटतो आणि आतले भाग जळू शकतात, आणि पहाटेचे दव आरशांवर बसते ते वेगळेच. दोन्ही टोपणे लावून नळी माउंटवरून उतरवावी आणि घरात आडवी ठेवावी. हळू हाताळली तर जुळवणी टिकते, तरीही शनिवारी मुले येण्याआधी रोहिणीवर सावली एकदा तपासून घ्यावी. 4 मिमीचा आयपीस शनिवारी डब्यातच राहू द्यावा.