मिरचीची पानं वळली, गुलाबाला गोल काप. किडा दिसत नाही, ओळखायचा कसा?

गच्चीबाग_कोथरूड
तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, पश्चिमेचं ऊन. मिरचीचे शेंडे आक्रसलेत. गुलाबाच्या पानांच्या कडेला वाटीच्या कडेने कापावेत तसे अर्धगोल. लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा. वांग्याचा एक शेंडा पाणी असूनही मान टाकून. किडा एकही दिसत नाही. सगळ्यांना निंबोळी तेल मारलं तर चालेल का?

पानाखाली_बघा
नाही, हे चार वेगवेगळे पाहुणे आहेत. आधी बघा, पानाचा तुकडाच गेलाय की पान जागेवर असून रंग-आकार बिघडलाय. तुकडा गेला तर चावून खाणारा, आकार बिघडला तर बहुधा रस शोषणारा.

मिरचीत वळण कुठल्या दिशेला, ते नीट बघा. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. पांढरा कागद शेंड्याखाली धरून चार-पाच टिचक्या मारा. जेमतेम एक मिलिमीटरचे लांबुळके पिवळट किडे चालू लागतील. कडा खाली वळल्यात, पान अरुंद आणि देठ लांब झालाय, तर पिवळा कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट भिंग लागतं. आणि पानं बारीक, शिरा जाड, झाड खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू; त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका. या तिन्हींना सरसकट ‘बोकड्या’ म्हणतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. कोळी म्हणजे कीटकच नव्हे, त्याला आठ पाय. त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर वाया जातात.

वांग्याचा शेंडा आजच कापा, कोमेजलेल्या भागाच्या इंचभर खाली. उभा चिरलात की आत गुलाबी छटेची अळी आणि तिची विष्ठा सापडेल. ही शेंडा व फळ पोखरणारी अळी. ती खोडाच्या आत असते, वरून मारलेलं तेल तिला लागतच नाही. कापलेला शेंडा खताच्या डब्यात टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा. मात्र शेंडा नाही तर अख्खं झाड मान टाकत असेल, तर खाली मुळांकडे बघा.

रोप_आणि_रोग
गुलाबाला काहीही मारू नका, ही कळकळीची विनंती. इतका रेखीव अर्धगोल पानं कापणारी मधमाशीच काढते. ती पान खात नाही, घरट्याला अस्तर म्हणून तुकडा नेते. झाडाचं काही बिघडत नाही. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं आणि खालच्या पानावर काळपट-हिरवे दाणे पडलेले दिसतात.

लिंबावर नागअळी आहे. पान उजेडात धरा: रेघेच्या मधोमध विष्ठेची बारीक काळी ओळ, आणि रेघ जिथे सगळ्यात रुंद तिथे अळी. ती पानाच्या पापुद्र्याखाली असल्यामुळे जुन्या पानांवर फवारून उपयोग नाही. पण ती पानं तोडूही नका, ती अजून झाडाला पोसतात. नवी पालवी बोटभर झाली की तिच्यावर फवारा: लिटरभर पाण्यात आधी 1 मिलि द्रव साबण, मग 5 मिलि निंबोळी तेल. साबणाशिवाय तेल तरंगतं, शेवटचे चार थेंब निव्वळ तेलाचे पडतात आणि पान भाजतं. वेळ संध्याकाळची, आणि पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे.

एक जोड: पान चिकट लागलं, वर मुंग्या फिरत असल्या, तर त्या पानावर शोधू नका. चिकटा वरून गळतो. मावा किंवा पिठ्या ढेकूण त्याच्या वरच्या फांदीवर, पानाच्या पाठीमागे असतो.

गच्चीबाग_कोथरूड
वांग्यात अळी निघाली! मिरचीचं वळण खाली आहे, देठही लांब. म्हणजे पिवळा कोळी. त्याच्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक घरात आहे. पण मिरचीला शनिवारीच निंबोळी तेल मारलंय.

पानाखाली_बघा
मग दोन आठवडे थांबा. तेलावर गंधक पडलं की पानं करपतात. तोवर आक्रसलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाका. नंतर 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी. दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास असेल त्या दिवशी नको. वळलेली पानं सरळ होणार नाहीत; नवी पालवी सपाट येते का, ते बघा.