कॉलेजचा नेमबाज एनबीएत का अडखळतो? (की अडखळतच नाही?)

बेंचवरचा

2011 चा एनबीए ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा दिवस. दहाव्या क्रमांकावर जिमर फ्रेडेट, अकराव्यावर क्ले थॉम्पसन. त्या दिवशी गाजत होता तो जिमर. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून सामन्यामागे 28.9 गुण, अख्ख्या अमेरिकेत पहिला. कोणाची धुलाई झाली की 'त्याला जिमर केलं' म्हणायचे, म्हणजे पोराच्या नावाचं क्रियापद झालं होतं!

पुढे काय? त्याच्या सॅक्रामेंटो संघाने तिसऱ्या मोसमातच त्याला मोकळं केलं. मग या संघातून त्या संघात, आणि शेवटी शांघाय. तिथे 2018 मध्ये एका सामन्यात 75 गुण काढले, पण तिथे. क्लेकडे आज चार अजिंक्यपदं आहेत.

2006 चा अ‍ॅडम मॉरिसनही तसाच. गोन्झागाकडून 28.1 ची सरासरी, तिसरा क्रमांक, आणि एनबीएत चार मोसमांत खेळ खलास. माझं म्हणणं सरळ आहे: कॉलेजातला नेम बघून पहिल्या दहात कोणाला घेऊ नये.

खाडीकाठचा

उदाहरण तुमचंच, पण उलटं बघा. क्ले काय पहिलवानकी करून आला होता का? तोही वॉशिंग्टन स्टेटचा शूटरच!

5 डिसेंबर 2016, इंडियानाविरुद्ध. फ्रीमाँटला मित्राच्या घरी आम्ही सहा जण पिठलं-भात खात मॅच बघत होतो. क्लेने 29 मिनिटांत 60 गुण काढले. चौथ्या क्वार्टरला उतरलाच नाही. आणि या 60 गुणांसाठी ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटणं) किती? 11. दुसऱ्या दिवशी आकडा वाचला तेव्हा खरं वाटेना. बॉल हातात यायच्या आधीच पाय लागलेले असायचे. आला, सुटला, गेला.

जिमर कॉलेजात नेमकं उलटं करायचा. बॉल त्याच्याकडे, पाच-सहा ड्रिबल, एक हुलकावणी, मग शॉट. कॉलेजात तेव्हा शॉट क्लॉक (शॉट टाकायला मिळणारा वेळ) 35 सेकंदांचं होतं, त्यामुळे हे लाड चालायचे. एनबीएत 24.

नागपूरकर 7

अहो, मुळात रेषाच लांब आहे ना. जिमरच्या वेळी कॉलेजची थ्रीची रेषा (जिच्या मागून टाकलं की तीन गुण) 6.32 मीटरवर, एनबीएची समोरून 7.24. जवळजवळ एक मीटरचा फरक. मी विद्यापीठाच्या संघातून खेळलोय, अर्ध्या पावलाने मागे सरकलो तरी बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागायचा.

सौ. रिबाउंड

@नागपूरकर, बाकीच्यांना लागू पडेल, जिमरला नाही. तो कॉलेजातही रेषेच्या दोन-दोन पावलं मागून टाकायचा. एनबीएतही त्याचे थ्री 37 टक्क्यांच्या आसपास पडले, म्हणजे नेम काही सॅक्रामेंटोच्या विमानतळावर हरवला नव्हता. अडचण दुसऱ्या टोकाला होती. समोरच्या संघाला दिसायचं की जिमर ज्याला अडवतोय त्याच्याकडेच बॉल द्यायचा. मग कोच किती वेळ उतरवणार?

आणि अंतराचंच म्हणाल तर जे. जे. रेडिक बघा. ड्यूकला असताना रेषा आणखी जवळ होती, 6 मीटरच्या आसपास. तिथून 457 थ्री मारले, त्या वेळचा विक्रम. 2006 ला अकराव्या क्रमांकावर ऑर्लँडोने घेतला आणि पहिली दोन वर्षं जवळजवळ बाकावरच काढली. सगळे म्हणाले, गेला हाही. मग 2009 च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनच्या रे अ‍ॅलनच्या मागे धावायचं काम त्याला दिलं. स्क्रीनला (वाट अडवून उभ्या राहिलेल्या खेळाडूंना) धडकत, अडखळत, पण पाठ सोडली नाही. त्या मालिकेत अ‍ॅलनचा नेम पार बिघडला. त्यानंतर रेडिक 2021 पर्यंत खेळला. 15 मोसम, थ्री 41.5 टक्के.

बेंचवरचा

एक रेडिक दाखवून काय सिद्ध होतं? अँटवान डेव्हिस घ्या. डेट्रॉइट मर्सी, 588 थ्री, कॉलेजचा सर्वकालीन विक्रम. एकूण 3,664 गुण, म्हणजे पुरुषांत सर्वाधिक गुण असलेल्या पीट मॅराविचला गाठायला फक्त तीन कमी. 2023 च्या ड्राफ्टमध्ये नावसुद्धा नाही. वॉफर्डचा फ्लेचर मगी, 509 थ्री. तोही नाही. आपल्याकडे रणजीत धावांचे डोंगर रचणाऱ्यांचं होतं तेच.

नागपूरकर 7

रणजी मध्ये आणू नका. तिथे कित्येकांना संधीच मिळाली नाही. जिमरला मिळाली होती.

इंडियानाकर

आमच्या गावची गोष्ट सांगतो. 1987. इंडियाना विद्यापीठ नुकतंच राष्ट्रीय विजेतं झालेलं, आणि त्याचा शूटर स्टीव्ह अल्फोर्ड म्हणजे घरोघरीचा लाडका. आमच्या इंडियाना पेसर्स या एनबीए संघाने त्याला सोडून अकराव्या क्रमांकावर यूसीएलएचा रेजी मिलर घेतला. लोकांनी हुर्यो उडवली! इथली म्हातारी मंडळी अजून हसत सांगतात. अल्फोर्ड 26 वा गेला, चार मोसम खेळला. मिलर 18 मोसम खेळला, सगळे पेसर्सकडूनच, थ्री 2,560.

दोघेही कॉलेजचे नेमबाज. पण मिलर साडेसहा फुटांच्या वर, आणि दोन स्क्रीनमधून पळत येऊन एका पायावर वळून टाकणारा. अल्फोर्ड सव्वासहा फूटही नाही.

खाडीकाठचा

उंची? मग स्टीफन करी काय ताडमाड आहे? डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजचा, अंगाने काडी. 4,000 थ्रीच्या वर गेला.

इंडियानाकर

करीला नियमात धरू नका हो. सूर्य बघून बल्ब घेत नाहीत.

सौ. रिबाउंड

तुम्हा पुरुषांना केटलिन क्लार्क दिसत नाही का? इंडियानाकर, तुमच्याच गावात खेळते. आयोवाला 3,951 गुण, 2024 ला महिलांच्या लीगमधल्या इंडियाना फीव्हरने पहिल्या क्रमांकावर घेतली. पहिल्याच मोसमात थ्रीची टक्केवारी कॉलेजच्या 38 वरून 34 वर घसरली. पण तिच्यावर लांबूनच दोघी धावून यायच्या आणि मागे जागा मोकळी व्हायची, तिथे पास. सामन्यामागे 8.4 असिस्ट (ज्यावर लगेच गुण होतात असे पास), लीगमध्ये सर्वाधिक. नेमाची भीती घालून दुसरं काहीतरी मिळवता आलं पाहिजे. मॉरिसनला ते येत नव्हतं.

बेंचवरचा

मॉरिसनचा गुडघाही गेला होता, हे मी लिहायला हवं होतं. मान्य. पण पहिल्या मोसमात, गुडघा शाबूत असतानाही फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून बाकीचे शॉट) 38 टक्क्यांच्या आतच.

आणि ज्या रेडिकचे गोडवे गाताय, तोच लेकर्सचा कोच असताना डाल्टन नेक्ट आला. टेनेसीचा शूटर, सतरावा क्रमांक. नोव्हेंबर 2024 ला यूटाविरुद्ध 37 गुण, नऊ थ्री. आणि फेब्रुवारीत लेकर्सनी त्याला शार्लटला देऊनही टाकला! बदल्यात येणारा खेळाडू वैद्यकीय तपासणीत अडकला म्हणून व्यवहार फिसकटला, नाहीतर गेलाच होता.

सौ. रिबाउंड

लेकर्सना सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) हवा होता, म्हणून दिला. आणि शार्लटने मागितला का, हेही लिहा की.